ऑटो मोडला बाय बाय!

हातात भारीतला फोन, फोनमध्ये हजारो फोटो, आणि तरीही हवा तो एक फोटो सापडत नाही. असं तुमचंही होतं का? माझं झालं. मग एक सेकंडहँड कॅमेरा घेतला, वर्षभर रविवारची झोप मोडली आणि शेवटी कळलं, की सगळ्यात अवघड फोटो घरातच होता.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या दिवाणखान्यात आजोबांचा एक फोटो आहे. चंदनाचा हार वगैरे सगळं व्यवस्थित. फक्त नीट बघितलंत तर आजोबांच्या डाव्या खांद्यावर एक हात दिसतो. नुसताच हात. मनगटावर घड्याळ, पुढे चार बोटं, बाकी माणूस गायब! आजोबा अचानक गेले, तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही धड फोटो निघाला नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून काढलं. शेजारच्या पाहुण्यांचा हात काही निघेना, तो तसाच राहिला.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत वाड्याच्या रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर सह्या झाल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत वाडा रिकामा करायचा होता. फराळ करता करता आजीनं भिंतीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "माझा तरी एक नीट काढून ठेवा गं. त्या मेल्याचा हात नको माझ्या खांद्यावर."

सगळे हसले. मीही हसले. आणि लगेच फोन काढला. त्यात काय एवढं?

सहा हजार फोटो, पण...

माझ्या फोनमध्ये तेव्हा सहा हजारांच्या वर फोटो होते. ऑफिसच्या टीम आऊटिंगचे, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून टिपलेल्या सूर्यास्तांचे, मिसळीचे, मांजरांचे. आजीचे किती? अकरा. त्यातल्या आठांमध्ये ती वाढत होती, दोनांत डोळे मिटलेले आणि एकात फक्त पदर!

त्याच दिवशी पोर्ट्रेट मोड लावून मी तिचा फोटो काढला. मागचं सगळं धूसर, चेहरा लख्ख. एकदम प्रोफेशनल वाटला. आजीला दाखवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "ही कोण?"

आधी वाटलं चेष्टा करतेय. मग मीही नीट पाहिलं. फोननं परस्पर तिच्या सुरकुत्या पुसल्या होत्या. कपाळावरचं गोंदण पुसट झालं होतं. कानामागच्या चांदीसारख्या बटा मागच्या धूसरपणात विरघळल्या होत्या. तिची ८५ वर्षं फोननं 'इम्प्रूव्ह' करून टाकली होती!

यात फोनचा तसा दोष नाही. त्याचा सेन्सर नखाएवढा. कमी प्रकाशात तो एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम्स घेतो, त्या जुळवतो, सावल्या उजळतो, त्वचा गुळगुळीत करतो, कडा कोरतो. हे सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. मिसळीच्या फोटोत ते मस्त चालतं. आजीच्या फोटोत मात्र काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे मला ठरवायचं होतं. थोडक्यात काय, तर फोटो काढायला शिकणं आलं!

सेकंडहँड प्रेम

नवीन मिररलेस कॅमेऱ्याच्या किमती बघितल्या आणि लॅपटॉप मिटून टाकला. होम लोनवाल्या माणसानं असल्या गोष्टी रात्री बघू नयेत. मग ऑफिसातल्या एका मित्रानं सांगितलं, "जुना डीएसएलआर घे की! मोठ्या कंपन्यांनी सगळा भर मिररलेसवर दिलाय, त्यामुळे जुन्या बॉड्या स्वस्तात मिळतात. शिकायला काय फरक पडतो?"

पटलं. ओळखीच्यांच्या ओळखीतून बॉडी आणि १८-५५ ची किट लेन्स अशी जोडी वीस हजारांत मिळाली. मी खूश. घरी येऊन लेन्स उजेडासमोर धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. बुरशी! पुण्याच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात कपड्यांमध्ये ठेवली, की असंच होतं. साफ करायला दीड हजार गेले ते गेलेच. तेव्हापासून माझा कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतो. (डबा आईचा. शंकरपाळ्यांचा. अजून विषय निघतो.)

तर सेकंडहँड घेणाऱ्यांनो, दोन गोष्टी बघाच. लेन्समधून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड आरपार पाडा, म्हणजे बुरशी आणि ओरखडे दिसतात. आणि शटर काउंट विचारा. गाडीचं किलोमीटर बघतो ना, तसं. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण लाखभर क्लिक्सपर्यंत चालेल असं धरतात. ऐंशी हजार क्लिक्स झालेली बॉडी कितीही चकाचक दिसली, तरी भाव त्या हिशेबानं करा.

एक गंमत सांगते. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं १९७५ मध्ये बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, रिझोल्युशन ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद! ज्या कोडॅकच्या घरात हे बाळ जन्मलं, तिनं २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आणि २०१० मध्ये जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, तो धंदा पुढे फोननं खाल्ला. म्हणजे माझ्या हातातला वीस हजारांचा ठोकळा हा एका संपत आलेल्या जमान्याचा शिलेदार होता. वाड्यासारखाच.

खिडकी, वेळ आणि कानाचं मशीन

एका वीकेंड बॅचला नाव घातलं. आम्ही बाराजण. नऊ आयटीवाले, एक डेंटिस्ट, एक सीए आणि एक रिटायर्ड काका, ज्यांच्याकडे आमच्या सगळ्यांचे मिळून होतील त्याहून महाग लेन्सेस होत्या.

सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या कॅमेऱ्याचं चक्र 'ऑटो'वरून 'एम'वर फिरवायला लावलं. मॅन्युअल! पहिला फोटो काळाकुट्ट. दुसरा पांढराफटक. तिसरा हललेला. बारा शिकल्यासवरल्या माणसांना एक खुर्ची नीट टिपता येईना.

अॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ ही त्रिमूर्ती मला वर्गात कळलीच नाही. ती कळली घरी, आजीच्या खोलीत. आजीच्या खोलीला एकच खिडकी. ती किती उघडली, ते म्हणजे अॅपर्चर. ती किती वेळ उघडी ठेवली, ते म्हणजे शटर स्पीड. आणि आयएसओ? ते आजीच्या कानाचं मशीन! आवाज वाढवला की बारीक बोललेलं ऐकू येतं, पण त्याबरोबर पंख्याची घरघर आणि खालच्या रिक्षाची फटफटसुद्धा वाढते. आयएसओ वाढवलं की अंधारातलं दिसतं, पण फोटोत रवाळपणा येतो. त्यालाच नॉइज म्हणतात. नाव उगाच नाही पडलं!

आता यातली वात्रट गोष्ट ही, की अॅपर्चरचे आकडे उलटे चालतात. एफ १.८ म्हणजे सताड उघडी खिडकी, एफ १६ म्हणजे फट. खिडकी जितकी मोठी, तितका मागचा भाग धूसर. सगळं पुढून मागपर्यंत स्पष्ट हवं असेल, तर फट करायची. शटरचंही तसंच. उडणारा पक्षी थिजवायचा तर १/१००० किंवा त्याहून वेगानं, आणि हात हलून फोटो बिघडू नये तर निदान लेन्सच्या फोकल लेन्थइतका तरी वेग. म्हणजे ५५ मिलिमीटरवर किमान १/६०, आणि छोट्या सेन्सरच्या बॉडीवर १/१०० ठेवलेलं बरं.

हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. एक हलवला की दुसरा भरपाई मागतो. एकदा हे डोक्यात बसलं, की 'एम' हा राक्षस राहत नाही.

रविवार, सकाळी साडेपाच

मग सुरू झाला भटकंतीचा सीझन. ज्या मुलीला नऊच्या स्टँडअप मीटिंगला उठवायला तीन अलार्म लागतात, ती थंडीत साडेपाचला टू व्हीलरवर हडपसरच्या पुढे निघालेली! कवडीला. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेच्या काठावर हे ठिकाण आहे. आपल्याच शहराची घाण वाहून आणणारं पाणी, नाकाला रुमाल लावावा असा वास, आणि त्या पाण्यावर धुक्यात उतरलेली चक्रवाकांची जोडपी, लांब गुलाबी पायांचे शेकाटे, शेपटी नाचवणारे धोबी. तिथं मी चारशे फोटो काढले. तीनशे नव्वद डिलीट केले. उरलेल्या दहात पक्षी ठिपक्याएवढे. किट लेन्सनं पक्षी टिपणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं, हे ज्ञान तिथं झालं.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरानं दुसरा धडा दिला. आठव्या शतकातलं हे लेणं रोज ऑफिसच्या बसमधून दिसायचं, आत कधी गेले नव्हते. बाहेर तो गोल नंदीमंडप उन्हात तळपत असतो आणि आत खांबांमध्ये काळोख. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम दिसत नाहीत. बाहेरचं नीट आलं तर आतलं काळं, आतलं आलं तर बाहेरचं जळलेलं. आपला डोळा हे सगळं आपल्या नकळत सांभाळतो, सेन्सरला ते जमत नाही. मग ठरवावं लागतं. मला यातलं काय दाखवायचंय?

हा प्रश्न एकदा मागं लागला, की सुटत नाही. मंडईत भाज्यांचे ढीग दाखवायचे, की भाजीवालीच्या तळहातावरच्या रेषा? सरांनी एका रविवारी दोन पुस्तकं समोर ठेवली. संदेश भंडारे यांचं 'वारी : एक आनंदयात्रा' आणि उद्धव ठाकरे यांचं 'पाहावा विठ्ठल'. वारी तीच. एकानं ती वारकऱ्यांबरोबर चालत, त्यांच्या उंचीवरून टिपलेली, दुसऱ्यानं आकाशातून. एकात घाम दिसतो, दुसऱ्यात माणसांची नदी. "कॅमेरा कुठला होता ते विचारू नका," सर म्हणाले, "फोटोग्राफर कुठं उभा होता ते विचारा."

पालखीतली चपराक

ज्येष्ठात पालख्या पुण्यात आल्या. भवानी पेठेत पालखी विठोबापाशी माउलींचा मुक्काम, नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांचा. आमची बॅच कॅमेरे सरसावून हजर. एव्हाना मी दहा हजारांच्या आसपासची ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्सही घेतली होती. किट लेन्स ५५ ला एफ ५.६ च्या वर उघडत नाही. ही तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. झूम मात्र नाही. जवळ जायचं तर आपल्या पायांनी.

म्हणून गेले. एका म्हाताऱ्या वारकरी आजींच्या अगदी समोर. डोक्यावर तुळशीवृंदावन, तोंडाचं बोळकं, चेहऱ्यावर नकाशासारख्या सुरकुत्या. खटाखट वीस-बावीस क्लिक्स मारले. त्या थांबल्या. "दाव," म्हणाल्या. मी स्क्रीन पुढं केला. निरखून बघितलं, खुदकन हसल्या आणि म्हणाल्या,

"ब्येस काढलाय. का गं, तुझ्या घरी म्हातारं मानूस न्हाई व्हय कुनी?"

दिंडी पुढं गेली. मी तिथंच उभी.

पक्षी झाले होते, लेणी झाली होती, मंडई झाली होती. अनोळखी आज्या निदान पन्नास झाल्या होत्या, कारण पांढरे केस आणि सुरकुत्यांना बॅचमध्ये भरपूर वाहवा मिळते. आणि जिच्यासाठी हे सगळं सुरू केलं, तिच्यासमोर दिवाळीपासून मी एकदाही कॅमेरा धरला नव्हता. वाडा सोडायला तीन-साडेतीन महिने उरले होते.

खिडकीपाशी

पुढच्या शनिवारी सकाळी आजीला सांगितलं, "चल, फोटो काढायचाय." ती आत गेली. नऊवारी बदलून, पावडर लावून आली. खुर्चीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, चेहरा पासपोर्टचा. मी म्हटलं, "आजी, जरा हस ना." ती हसली. तो चेहरा पासपोर्टपेक्षाही वाईट होता.

तीन शनिवार असेच गेले. प्रकाश बरोबर, फोकस बरोबर, एक्स्पोजर बरोबर. पण आजी कुठेच नाही.

चौथ्या शनिवारी मी फोटोचं नाव काढलं नाही. सामान आवरायचं होतं म्हणून तिची जुनी ट्रंक ओढून खिडकीपाशी आणली. पावसाळी आभाळ होतं. अशा दिवशी आख्खं आभाळच मोठ्या पांढऱ्या दिव्यासारखं होतं, सावल्या मऊ पडतात. तिच्या चेहऱ्याची खिडकीपलीकडची बाजू काळोखात जात होती, म्हणून तिकडच्या दोरीवर आजोबांचं पांढरं धोतर पसरून टाकलं. दुकानात याला रिफ्लेक्टर म्हणतात आणि पैसे घेतात.

ट्रंकेतून एकेक वस्तू निघत होती. मी सहज विचारलं, "आजी, तुझ्या लग्नाचा एकही फोटो कसा नाही गं?"

"होते की," ती म्हणाली. "बारा होते."

मला हे माहीतच नव्हतं! तिचं लग्न १९५९ चं. चुलत दिराकडे बॉक्स कॅमेरा होता. एक रोल, बारा फोटो. सप्तपदीचा एक, विहिणींच्या पंगतीचा एक, आणि एक तिचा एकटीचा, मुंडावळ्या बांधून चौकात उभी असलेली. तेव्हा आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर होतं. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. अंगावरच्या कपड्यांनिशी, कडेवर पोर घेऊन सगळे उंचावर पळाले. पाणी ओसरल्यावर परतले, तेव्हा वाडा उभा होता, पण तळमजला चिखलानं भरलेला. फोटो पत्र्याच्या पेटीत होते.

"पेटी सापडली," आजी म्हणाली. "उघडली तर आत नुसता लगदा. एकेक कागद सुटा करून दोरीवर वाळत घातला मी. पांढरे झाले होते गं सगळे. एकावर तेवढा माझा हात दिसत होता. बांगड्यांचा."

बोलताना तिनं स्वतःचा हात उचलला, जणू त्या हातात अजून चुडा होता, आणि खिडकीच्या उजेडात वळवून पाहिला. ओठांवर अर्धवट हसू. डोळे माझ्याकडे नव्हतेच.

क्लिक.

एफ २.८. १/१६०. आयएसओ ६४०. लेन्स एफ १.८ पर्यंत उघडत होती, पण तितक्या जवळून एक डोळा स्पष्ट आला की दुसरा धूसर होतो आणि हात तर पारच हरवतो. म्हणून खिडकी थोडी लोटली. फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. हे सगळं त्या क्षणी मी विचार करून केलं नाही. बोटांनी केलं. वर्षभरातल्या डिलीट केलेल्या फोटोंनी बोटांना शिकवलं होतं. तीनशे नव्वद पक्षी वाया गेले नव्हते म्हणायचे!

पानशेतचा धडा

तो फोटो मी फोनवर कुणाला पाठवला नाही. आठ बाय बारा इंचांचा प्रिंट काढला, मॅट पेपरवर. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी. गोंदण आहे. हात आहे, आणि या वेळी तो तिचा स्वतःचाच आहे.

आजीनं प्रिंट खिडकीपाशी नेला. चष्मा वर, चष्मा खाली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्ता आले मी."

आता आम्ही कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. वाडा रिकामा आहे. तिथून निघायच्या आधी मी चौक, जिना, कोनाडे, न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळं, सगळं टिपून ठेवलंय. ते सगळं तीन ठिकाणी आहे. लॅपटॉपवर, वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक प्रत आत्याकडे नाशिकला. ऑफिसात आम्ही याला बॅकअप पॉलिसी म्हणतो. आजीला समजावून सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे एका पेटीत ठेवायचे नाहीत. मग सरळ तसं सांग की!"

आणि तो प्रिंट? मी हौसेनं फ्रेम आणली होती. आजीनं फोटो फ्रेमसकट जुन्या साडीत गुंडाळला आणि आपल्या कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून दिला.

"अगं, भिंतीवर लावूया ना!" मी म्हटलं.

"एवढ्यात कशाला?" आजी म्हणाली. "घाई आहे का तुला?"

चौकट : नव्यानं कॅमेरा धरताय?

• पहिला महिना एकच लेन्स, एकच फोकल लेन्थ. झूम पायांनी करा.

• एकदम 'एम'वर उडी जमत नसेल तर 'ए' किंवा 'एव्ही' मोडपासून सुरुवात करा. अॅपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवेल.

• जमेल तेव्हा रॉ फॉरमॅट वापरा. जेपेगमध्ये कॅमेरा बरीच माहिती फेकून देतो, नंतर सुधारायला वाव कमी उरतो.

• स्क्रीनच्या उजेडावर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम बघा. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल, तर पांढरा भाग जळालाय.

• भर दुपारी पोर्ट्रेट काढू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. खिडकी, ओसरी किंवा ढगाळ दिवस शोधा.

• कॅमेरा नसेल तर अडून बसू नका. बऱ्याच फोन्समध्ये प्रो मोड असतो. ब्यूटी फिल्टर मात्र आधी बंद करा!

• दर महिन्याला निदान एक फोटो कागदावर छापा.

• आणि पक्ष्यांच्या मागे जाण्याआधी घरातली माणसं टिपून घ्या. पक्षी दर हिवाळ्यात परत येतात.